चेनसॉचा पिस्टन पुन्हा पुन्हा जातोय? नवीन किट घालण्याआधी ही तपासणी करा

नवीन पिस्टन किट घातलं, दोन टाक्या पेट्रोल जळेपर्यंत मशीन झकास चाललं आणि मग चालू लाकडातच बसलं. दुरुस्तीला येणाऱ्या चेनसॉंमध्ये हा प्रकार नेहमीचा आहे. दोष बहुतेक वेळा किटचा नसतो. पहिला पिस्टन कशाने गेला हे कोणी पाहिलेलं नसतं, त्यामुळे दुसराही त्याच वाटेने जातो. म्हणून खालची तपासणी सिलिंडर खोलण्याच्या बरीच आधी सुरू होते, आणि सुरुवातीच्या पायऱ्यांना वेळाशिवाय काही खर्च नाही.

हे सगळं आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या मशिनांना धरून लिहिलं आहे: ५८ सीसीचं चायनीज मशीन, आणि स्टिल (Stihl) कंपनीची एमएस १८०, एमएस २५० आणि एमएस ३८२. इतर टू-स्ट्रोक चेनसॉला तत्त्व तेच, फक्त स्क्रूच्या जागा बदलतात.

लक्षणं

- दोरी नेहमीपेक्षा हलकी ओढली जाते, मधला तो दाब हाताला लागतच नाही.
- थंड असताना मशीन सुरू होतं, गरम झाल्यावर बंद केलं की अर्धा तास थांबल्याशिवाय परत सुरू होत नाही.
- स्लोवर बरं चालतं, पण लाकडाला लावलं की दम तुटतो.
- बंद पडण्याच्या आधी आवाज आपोआप चढतो, चिरका होतो, आणि मग मशीन एकदम थांबतं.
- दोरी अजिबात हलत नाही, किंवा अर्धी येऊन अडकते.
- सायलेन्सरच्या तोंडाशी काळ्या काजळीत चमकणारी राखाडी भुकटी दिसते. ही ॲल्युमिनियमची भुकटी, म्हणजे पिस्टनच.

चौथं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. भर ॲक्सिलरेटरवर आवाज आपोआप चढला म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच येतं, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे थंडावाही कमी आणि वंगणही कमी. त्या क्षणी ॲक्सिलरेटर सोडून मशीन बंद केलं तर बरेचदा पिस्टन वाचतो. ‘एवढी फांदी उरकून घेऊ’ म्हटलं की गेला.

आधी खात्री करा: जाम झालंय ते इंजिनच आहे ना?

प्लगची टोपी काढून बाजूला करा, मगच मशिनला हात लावा. बार आणि चेन उतरवा. चेन ब्रेक लागलेला असेल तर सोडा. आता दोरी हलली तर अडचण चेनच्या बाजूला होती: बारच्या टोकाचं चाक अडकलेलं, क्लच ड्रमचं बेअरिंग गेलेलं, नाहीतर साल आणि काथ्या गुंडाळलेला. नारळाच्या बागेतल्या मशिनांत हा काथ्याचा प्रकार फार.

तरीही हलत नसेल तर प्लग काढा आणि परत ओढा. मशीन आडवं पडून सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलं असेल तर ते प्लगच्या भोकातून उडेल आणि इंजिन मोकळं होईल. डोळे त्या भोकासमोर नकोत. तेही नाही झालं, तर दोरीचं कव्हर काढून फ्लायव्हील हाताने फिरवा. फ्लायव्हील सहज फिरतं आणि फक्त दोरी अडकते, तर बिघाड स्टार्टरच्या स्प्रिंगचा आहे.

फ्लायव्हील हलतच नाही? जोर लावून पाना फिरवू नका. चिकटलेली रिंग अशा वेळी तुटते आणि तिचा तुकडा सिलिंडर कायमचा खराब करतो. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी तेल सोडा, रात्रभर ठेवा, मग हाताने मागे-पुढे हलवून पाहा.

पेट्रोल: पाच मिनिटांची तपासणी

टाकीतलं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत ओता. ते फेकून देऊ नका, सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे.

पांढऱ्या कागदावर चार थेंब टाका आणि दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या. तेल मिसळलेलं असेल तर तेलकट, आरपार दिसणारा डाग मागे राहतो. कागद कोरा झाला तर टाकीत साधं पेट्रोल होतं आणि पुढे फार शोधायची गरज नाही. मोटारसायकलसाठी आणलेला कॅन मजुराने चेनसॉमध्ये ओतला, असं सर्रास होतं. मिसळलेल्या पेट्रोलचा कॅन वेगळ्या रंगाचा ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

तेलाचं प्रमाण मापाने घाला. चांगलं, हवेने थंड होणाऱ्या इंजिनसाठीचं टू-टी तेल असेल आणि कंपनीच्या पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर एका लिटरला २० मिली, म्हणजे पाच लिटरला १००. चायनीज मशिनांच्या पुस्तिकेत बहुधा २५:१ असतं, म्हणजे लिटरला ४० मिली. ‘एक झाकण’ हे माप नाही, कारण झाकणं निरनिराळी असतात. औषधाच्या दुकानातली २० मिलीची सिरिंज सगळ्यात सोयीची.

तेल कोणतं आहे तेही पाहा. किनारपट्टीला होडीच्या आउटबोर्ड इंजिनचं टू-टी तेल घरात असतं आणि तेच चेनसॉला घातलं जातं. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनसाठी बनवलेलं असतं, चेनसॉच्या सिलिंडरची उष्णता त्याला झेपत नाही. मोटारसायकलचं फोर-टी इंजिन ऑइल तर अजिबात नको. ते नीट जळत नाही आणि रिंगच्या खाचेत कार्बन धरतं.

आता इथेनॉल. पंपावर आता मुख्यतः ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. जुन्या स्क्रूच्या कार्ब्युरेटरवर याचा थेट परिणाम होतो. साध्या पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला सुमारे ९ पट. कार्ब्युरेटर मात्र पूर्वीइतकंच इंधन सोडतो, त्यामुळे ई-२० वर तेच मशीन साधारण ७ ते ८ टक्के ‘कोरडं’ चालतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. स्लोवर ते जाणवत नाही, भर ॲक्सिलरेटरवर ओंडका कापताना जाणवतं. हाताने जुळवायच्या कार्ब्युरेटरसाठी स्टिलच्या पुस्तिकांमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली आहे. एम-ट्रॉनिकसारखा स्वतः जुळवून घेणारा कार्ब्युरेटर असेल तर हा त्रास कमी.

तुमच्या पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे ते घरी पाहता येतं. खुणा असलेल्या उंच बाटलीत १० मिली पाणी आणि १०० मिली तेल न मिसळलेलं पेट्रोल घाला, झाकण लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर १० वरून ३० मिलीच्या आसपास गेला तर पेट्रोल ई-२० आहे. हे पेट्रोल मशिनला परत वापरू नका. असं पाण्याने ‘धुवून’ इथेनॉल काढलेलं पेट्रोल मशिनला घालण्याचा सल्ला काही जण देतात. माझं मत स्पष्टपणे विरुद्ध आहे: इथेनॉल गेलं की ऑक्टेन उतरतो, आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडायला तेवढं पुरतं.

पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून पडवीत टांगलेल्या मशिनची बाटली पाहिली तर तळाशी वेगळा, ढगाळ थर दिसतो. इथेनॉलने हवेतला ओलावा ओढला आणि दोघं मिळून खाली बसले. टाकीतला फिल्टर तळाशीच असतो, म्हणजे इंजिनला पहिला घोट त्या थराचा, ज्यात तेल जवळजवळ नाही. मिसळलेलं पेट्रोल महिन्यापेक्षा जुनं वापरू नका.

फिल्टर, पंख, प्लग, चेन

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. जाळी फाटली आहे का, कडेचं रबर नीट बसतं का? फिल्टरच्या आतल्या बाजूला, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, बोट फिरवा. बोटाला पीठ लागलं तर धूळ आत जातेय. त्याने पिस्टनची कार्ब्युरेटरकडची बाजू घासते, रिंग पातळ होते आणि दाब हळूहळू उतरतो.

सिलिंडरचे पंख, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या, पाहा. वरचं कव्हर काढल्याशिवाय ते दिसत नाहीत, म्हणून कोणी पाहत नाही. तेल आणि बारीक भुसा मिळून तिथे लपका बसतो, आंब्याच्या चिकामुळे तो आणखी घट्ट होतो. लाकडी काडीने आणि ब्रशने काढा. पंखांच्या मधली फट मोकळी नसेल तर मिश्रण कितीही बरोबर असो, सिलिंडर तापणारच. दोरीच्या कव्हरवरच्या हवा ओढण्याच्या फटीही मोकळ्या हव्यात.

प्लगचं टोक चॉकलेटी असेल तर ठीक. पांढरं, भाजल्यासारखं असेल तर मिश्रण कोरडं. त्यावर चमकणारे बारीक मणी दिसले तर ते पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम आहे. गॅप ०.५ मिमी.

चेन बोथट आहे का तेही याच वेळी पाहा. धारदार चेन लाकडाचे चिलपे काढते, बोथट चेन पीठ पाडते. बोथट चेन लावून माणूस मशीन दाबतो, भर ॲक्सिलरेटरवर जास्त वेळ ठेवतो, वर ते पीठ फिल्टरमध्ये जातं. पिस्टन गेलेल्या मशिनवरची चेन सहसा बोथटच असते.

सायलेन्सर काढा, निदान इथेच होतं

दोन-तीन स्क्रू किंवा नट, दहा मिनिटांचं काम. ५८ सीसीला ॲलन की, स्टिलला बहुतेक ठिकाणी टी-२७ स्टार पाना. इंजिन थंड असू द्या. सायलेन्सर निघाला की सिलिंडरची खिडकी दिसते आणि तिच्यामागे पिस्टन. बॅटरी मारा आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवत पिस्टनची पूर्ण उंची पाहून घ्या.

धडधाकट पिस्टनच्या अंगावर आडव्या, केसासारख्या बारीक रेषा असतात. त्या कारखान्यातल्या लेथच्या. रिंग दोन्ही कडांनी मोकळी दिसते, लाकडी काडीने दाबली तर किंचित आत जाते. गेलेल्या पिस्टनवर या आडव्या रेषा पुसलेल्या असतात आणि त्यांच्या जागी उभे, चकाकणारे ओरखडे दिसतात. जास्त खराब असेल तर ॲल्युमिनियम वितळून रिंगवर सारवल्यासारखं बसतं, रिंगची कड दिसेनाशी होते आणि काडीने ती हलत नाही.

मग कार्ब्युरेटर काढून दुसऱ्या बाजूनेही पाहा. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय कारण ठरवू नका, कारण ओरखडे *कुठे* आहेत यावर सगळं अवलंबून आहे.

ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर तेल होतं, पण मिश्रण कोरडं होतं किंवा इंजिन जास्त तापलं. कुठून तरी फुकटची हवा येतेय, कार्ब्युरेटर चुकीचा जुळवलाय, पेट्रोलची नळी चिरलीय, नाहीतर पंख बुजलेत. परत परत जाणाऱ्या पिस्टनमागे बहुतेक वेळा हेच असतं.

चारही बाजूंनी ओरखडे असतील, कार्ब्युरेटरकडेही तेवढेच, तर पेट्रोलमध्ये तेल नव्हतं. कार्ब्युरेटरची बाजू मंद राखाडी, घासून गुळगुळीत झालेली आणि पिस्टनची खालची कड पातळ असेल तर धूळ. पिस्टनच्या डोक्यावर भोक किंवा सायलेन्सरकडची कड कुरतडलेली असेल तर इंधन वेळेआधी पेटतंय: चुकीचा गरम प्लग, हलक्या ऑक्टेनचं जुनं पेट्रोल किंवा फारच कोरडं मिश्रण. डोक्यावर बारीक खड्डे-ठोके म्हणजे आत काहीतरी सुटं फिरतंय, बहुधा बेअरिंगची सुई किंवा तुटलेली रिंग. आणि गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत एकच खोल, अरुंद चर असेल तर पिनचं लॉक निसटलंय. अशा मशिनवर आधी कोणीतरी किट बसवलेलं असतं आणि जुनीच लॉकं परत वापरलेली असतात.

दाब मोजा, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका

कॉम्प्रेशन गेज प्लगच्या भोकात घट्ट बसवा. चोक उघडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि सुई थांबेपर्यंत सहा-आठ वेळा दोरी ओढा. १२० ते १६० पीएसआय चांगलं. १०० च्या खाली गेलं की गरम असताना सुरू होण्याची तक्रार येते, ९० च्या खाली सहसा सुरूच होत नाही. डीकॉम्प्रेशनचं (दोरी हलकी ओढली जावी म्हणून दाब सोडणारं) बटण असेल तर ते दाबलेलं नको.

कमी आकडा आला तर प्लगच्या भोकातून तेलाचे पाच-सहा थेंब टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंग किंवा पिस्टन झिजलाय.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ओरखडे पडलेला पिस्टन तेलकट असताना १३० दाखवू शकतो, म्हणून सायलेन्सर काढून पाहणं आधी आणि गेज नंतर.

फुकटची हवा कुठून येते

ही तपासणी सगळ्यात जास्त वेळा टाळली जाते आणि दुसरा पिस्टन इथेच जातो.

मशीन अजून चालण्यासारखं असेल तर कानाने अंदाज येतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर आवाज लगेच उतरायला हवा. तो वरच लटकत राहिला आणि मग सावकाश उतरला, किंवा मशीन डाव्या-उजव्या कुशीवर केल्यावर स्लोचा आवाज बदलला, तर गळती आहे. पिस्टनवर ओरखडे दिसत असतील तर मात्र हा प्रयोग करू नका, आणखी खराब होईल.

आधी नजरेने: कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधलं रबर किंवा प्लास्टिकचं मॅनिफोल्ड वाकवून पाहा, चीर वाकवल्यावरच उघडते. ५८ सीसी चायनीज मशीनमध्ये हे मॅनिफोल्ड धरणारे स्क्रू थरथरीने सैल होणं नेहमीचं आहे. इम्पल्सची बारीक वाट, जिच्यातून क्रँककेसचा (सिलिंडरखालच्या, क्रँक फिरतो त्या पेटीचा) दाब कार्ब्युरेटरच्या पंपाला मिळतो, तीही पाहा. टाकीतून येणारी पेट्रोलची नळी बाहेर काढून वाकवा. इथेनॉलने ती आधी मऊ आणि चिकट होते, मग कडक होऊन चिरते. टाकीतला फिल्टर काळा झाला असेल तर बदला. हे दोन्ही भाग स्वस्त आहेत, शंका आली तरी बदलून टाका.

मग दाबाची चाचणी. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरच्या जागा सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि पत्र्याच्या पट्ट्या लावून स्क्रूने बंद करा, इम्पल्सचं भोकही त्यातच झाका. जुन्या प्लगचं चिनीमातीचं अंग काढून त्यात नळीचं टोक बसवलं की दाब देण्याची जागा तयार. पिस्टन खाली न्या, म्हणजे वरची पोकळी आणि क्रँककेस एक होतात. सर्व्हिसच्या मापाने ०.५ बार दाब २० सेकंद टिकायला हवा. बीपी तपासायच्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ चालतं, त्याचा ३०० चा आकडा म्हणजे ०.४ बार, आणि घरगुती तपासणीला तो पुरतो. साबणाचं पाणी सगळीकडे लावा आणि बुडबुडे शोधा: सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग, मॅनिफोल्ड, फ्लायव्हीलच्या मागचं ऑइल सील, क्लचच्या मागचं ऑइल सील. क्रँक थोडा थोडा फिरवत राहा, झिजलेलं सील एखाद्याच जागी गळतं.

दाब टिकला म्हणजे सील चांगलं, असं लगेच म्हणू नका. ऑइल सीलची ओठ आतल्या दाबाने शाफ्टवर घट्ट बसते आणि ओढीने सैल होते. इंजिन चालताना हवा आत शिरते ती ओढीच्या वेळी. त्यामुळे व्हॅक्यूमची चाचणी वेगळी लागते: ०.५ बार ओढ देऊन २० सेकंदांत ती ०.३ च्या खाली येऊ नये. बीपीच्या फुग्याने हे होत नाही, व्हॅक्यूम पंप लागतो. गावातल्या मेकॅनिककडे तो नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला एवढ्या एका चाचणीसाठी जायला हरकत नाही. नवीन किट जाळण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

इथे थांबा

पुढचं काम घरी करायचं की नाही हे आता ठरवा. खालीलपैकी काहीही असेल तर मशीन जाणत्या मेकॅनिककडे द्या:

- फ्लायव्हील धरून वर-खाली हलवलं तर क्रँक हलतो, किंवा फिरवताना खरखर लागते. क्रँकचं बेअरिंग गेलंय, केस दोन भागांत उघडावी लागेल आणि बेअरिंग उष्णता देऊन बसवावं लागेल.
- कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढल्यावर ठोका लागतो. बाजूला थोडं सरकणं चालतं, वर-खाली अजिबात नाही.
- क्रँककेसमधले आटे गेलेत. ती बहुधा मॅग्नेशियमची असते, हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची वेटोळी) घालायची साधनं आणि हात दोन्ही लागतात.
- कार्ब्युरेटर संगणकाने जुळवला जातो.
- मशीन वॉरंटीत आहे.

स्वस्त चायनीज मशीन असेल आणि क्रँकही गेला असेल तर हिशेब करा. किट, बेअरिंग, सील आणि मजुरी मिळून नव्या मशिनच्या अर्ध्या किमतीपलीकडे जात असेल तर दुरुस्ती करू नये.

सिलिंडर वाचतो का?

५८ सीसी आणि एमएस ३८२ मध्ये सिलिंडर चार स्क्रूंवर बसतो आणि खाली पॅकिंग असतं. एमएस १८० आणि २५० मध्ये अख्खं इंजिन बाहेर येतं आणि सिलिंडरला खालून झाकण असतं, तिथे पॅकिंगऐवजी सीलंट. त्यासाठी क्लच काढावा लागतो. क्लचचे आटे उलटे: उजवीकडे फिरवल्यावर सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून जाड सुती दोरी सोडा. आधी पिस्टन वर आणून सायलेन्सरची खिडकी बंद झाली आहे हे पाहा, नाहीतर दोरी खिडकीत अडकून कापली जाते. लोखंडी बोल्ट घालून अडवू नका, पिस्टनच्या डोक्याला खड्डा पडतो.

सिलिंडरच्या आत निकेल किंवा क्रोमचा कडक मुलामा असतो. म्हणून तो मोटारसायकलसारखा बोअर करून मोठा करता येत नाही. पण आत दिसणारे ओरखडे पुष्कळदा मुलाम्याचे नसतात, पिस्टनचं ॲल्युमिनियम वर चिकटलेलं असतं. नख फिरवा: नख *उंचवट्याला* लागलं तर ॲल्युमिनियम, *खाचेत* अडकलं तर मुलामा गेला.

चिकटलेलं ॲल्युमिनियम काढायला संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड चालतं. उघड्यावर, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच आसपासही नको, विषारी वायू होतो. काडीला कापूस गुंडाळा, ॲसिडमध्ये ओला करून निथळा आणि फक्त डागावर फिरवा. फेस येईल, तो ॲल्युमिनियम विरघळल्याचा. पुसा, परत लावा. डाग गेला की फेस थांबतो, कारण निकेलच्या मुलाम्याला ॲसिड तितकं खात नाही. एखाद्या जागी फेस थांबतच नाही असं दिसलं तर तिथे मुलामा उरलेला नाही आणि ॲसिड सिलिंडरचंच ॲल्युमिनियम खातंय. लगेच धुवा, तो सिलिंडर बाद. खिडक्यांच्या कडांना ॲसिड लावूच नका, तिथे ॲल्युमिनियम उघडंच असतं. शेवटी खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग भरपूर साधं पाणी, वाळवून लगेच तेलाचा हात. नंतर हिरव्या घासणीने तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या रेषा काढा. खरखरीत पॉलिश पेपर नको.

बसवताना कुठे चुकतं

किट मागवताना फक्त ‘५८ सीसी’ सांगू नका, बोअर मोजा. एमएस १८० चा ३८ मिमी, एमएस २५० चा ४२.५, एमएस ३८२ चा ५२. चायनीजमध्ये ४५ आणि ४५.२ मिमी शेजारी शेजारी विकले जातात, आणि त्यातला फरक पिस्टन जाम करायला पुरेसा आहे.

पिस्टन घालण्याआधी रिंग एकटी सिलिंडरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला आणि टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. नव्या रिंगला साधारण ०.१५ ते ०.४ मिमी असावी, १ मिमीच्या पुढे गेली तर रिंग बाद. टोकं एकमेकांना चिकटत असतील तर गरम झाल्यावर रिंग फुगून अडकेल.

पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. रिंगची टोकं खाचेतल्या बारीक खिळीच्या दोन्ही बाजूंना, खिळीवर चढलेली नकोत. बाण उलटा बसला तर रिंगची टोकं खिडकीत अडकतात आणि पहिल्याच झटक्यात तुटतात.

लॉकं नेहमी नवीन. बसवण्याआधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा, उडालेलं लॉक आत गेलं तर केस उघडावी लागते. लॉकचं उघडं तोंड वर किंवा खाली, आडवं नको. गजन पिनचं सुईचं बेअरिंग निळसर पडलं असेल तर तेही बदला. क्रँककेस मिसळलेल्या पेट्रोलने दोन-तीनदा खळबळून उलटी करा, जुन्या पिस्टनची भुकटी तिथे बसलेली असते.

एमएस १८०/२५० ला सीलंट उष्णता आणि पेट्रोल सोसणारंच, आणि अगदी पातळ रेघ. जाड लावलं तर आत पिळलेला गोळा बेअरिंगमध्ये जातो. पॅकिंगच्या मशिनला पॅकिंग न लावता दाब वाढवण्याची टूम आहे. पिस्टन आणि सिलिंडरच्या माथ्यात किमान ०.५ मिमी अंतर लागतं. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून इंजिन एकदा फिरवा आणि चपटलेलं टोक कॅलिपरने मोजा. मोजायचं नसेल तर पॅकिंग लावा.

बसवल्यावर दाबाची चाचणी परत. हे वगळू नका.

कार्ब्युरेटर आणि पहिल्या तीन टाक्या

पिस्टन सायलेन्सरच्या बाजूने गेला होता तर कार्ब्युरेटरचा पडदा बदला. बोटाने दाबल्यावर तो मऊ हवा, कागदासारखा कडकडला तर बाद. एल (स्लोचा) आणि एच (भर ॲक्सिलरेटरचा) दोन्ही स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत बंद करून पुस्तिकेत लिहिलेले फेरे उघडा, बहुतेक मशिनांना सुरुवातीला एक फेरा. इंजिन गरम झाल्यावर एच असा जुळवा की भर ॲक्सिलरेटरवर, चेन हवेत असताना, आवाज किंचित फुटका, भरभर-भरभर यावा, आणि लाकडाला लागताच तो साफ व्हावा. हवेतच आवाज साफ, चिरका येत असेल तर कोरडं आहे. ई-२० वापरावंच लागत असेल तर एच आठवा हिस्सा फेरा आणखी उघडा. टॅकोमीटर असेल तर पुस्तिकेतली कमाल गती ओलांडू नका. कानाने जुळवताना शंका आली तर पेट्रोल जास्त ठेवा: प्लग काळा झाला तर पुसता येतो.

एच जुळवण्यापुरतं सोडलं तर पहिल्या तीन टाक्या लाकडाशिवाय भर ॲक्सिलरेटर देऊ नका. लहान-मध्यम फांद्या कापा. मोठा काप संपल्यावर लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट स्लोवर चालू द्या, पंखा फिरत राहिला की साठलेली उष्णता निघते. पहिल्या टाकीनंतर थंड झाल्यावर सायलेन्सरचे आणि मॅनिफोल्डचे स्क्रू परत आवळा. त्याच वेळी सायलेन्सर काढून पिस्टनवर एकदा बॅटरी मारा. आडव्या रेषा शाबूत असतील तर पुढे चालवा. उभा एक जरी नवा ओरखडा दिसला तर दुसरी टाकी भरू नका, व्हॅक्यूमची चाचणी करून घ्या.